एएनए चाचणी

(प्रतिकेंद्रक प्रतिपिंड, म्हणजे अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी, चाचणी). पेशीकेंद्रकातील घटकांविरुद्ध शरीरातच तयार झालेली प्रतिपिंडे रक्तात आहेत का, हे पाहण्याची चाचणी. ल्यूपस, स्क्लेरोडर्मा, श्योग्रेन विकार यांसारख्या स्वयंप्रतिरक्षा रोगांचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते असे रोग) संशय आल्यास बहुधा हीच प्रथम करतात. ऱ्हुमटॉइड संधिवातासाठी मात्र आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या वेगळ्या चाचण्या आहेत.

हारग्रेव्ह्ज व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये वर्णिलेली ‘एलई पेशी’ (ल्यूपसच्या रुग्णांत आढळलेली, दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेली पांढरी पेशी) ही या चाचणीची पूर्वपीठिका होय. चमकणारे रंगद्रव्य वापरून प्रतिपिंडे दाखवणाऱ्या प्रतिदीप्ती पद्धतीचे श्रेय एकाच व्यक्तीला देणे कठीण आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत फ्रायू यांनी आणि ब्रिटनमध्ये होल्बरो, वीअर व जॉन्सन यांनी ती वापरली. आरंभी उंदराच्या यकृताचे छेद घेत. त्यांत ‘रो’ हे प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो पदार्थ) अत्यल्प असल्याने काही रुग्णांचा अहवाल निगेटिव्ह येई. ‘एएनए-निगेटिव्ह ल्यूपस’ची जुनी वर्णने बऱ्याच अंशी यातून आली असावीत. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘हेप-२’ या मानवी पेशी रूढ झाल्या. त्या स्वरयंत्राच्या कर्करोगातून मिळवल्याचे जुन्या ग्रंथांत आढळते, परंतु जनुकीय तपासणीत त्या हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून मिळवलेल्या) ठरल्या आहेत. चाचणीच्या उपयुक्ततेला त्याने बाधा येत नाही.

सीरम १:४० किंवा १:८० विरल करून पेशी लावलेल्या काचपट्टीवर घालतात. ओलसर डब्यात सुमारे अर्धा तास ठेवून धुतल्यावर प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडलेले, मानवी आयजीजीला (प्रतिपिंडांचा एक प्रकार) चिकटणारे प्रतिपिंड घालतात, पुन्हा धुतात आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक पाहतात. मध्येच पट्टी सुकली तर वाचन बिघडते. चमकेचा आकृतिबंध ओळखताना विभाजन पावणाऱ्या पेशी नीट पाहाव्या लागतात: एकसंध आकृतिबंधात गुणसूत्रांचा पट्टा चमकतो, नेहमीच्या ठिपकेदार आकृतिबंधात तो काळा राहतो. एकसंध असल्यास डीएसडीएनए (दुपदरी डीएनए), ठिपकेदार असल्यास एसएम, आरएनपी, रो व ला या प्रतिजनांविरुद्धची विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात. पेशींऐवजी ठरावीक प्रतिजनांचा तयार संच वापरणारी एलायझा पद्धत सोपी खरी, पण तिच्या संचात नसलेली प्रतिपिंडे निसटतात. अहवालावर पद्धत छापलेली असणे म्हणूनच इष्ट.

पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे निदान नव्हे. १९९७ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ३२ टक्के १:४० या विरलतेला, १३ टक्के १:८० ला व ५ टक्के १:१६० ला पॉझिटिव्ह निघाल्या. हायड्रॅलझीन, आयसोनियाझिड ही औषधे, थायरॉइडचे विकार व वाढते वय यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते. ल्यूपसच्या २०१९ मधील युरोपीय-अमेरिकी निकषांत १:८० ही केवळ प्रवेशाची अट असून पुढे लक्षणांसह किमान १० गुण लागतात. हे निकष संशोधनातील वर्गीकरणासाठी आहेत, हे अनेकदा विसरले जाते. नुसता थकवा किंवा अंगदुखी असताना चाचणी केल्यास गोंधळच वाढण्याचा संभव अधिक.

एकदा पॉझिटिव्ह आलेली एएनए पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. रोगाच्या चढउताराशी तिचा मेळ बसत नाही. ल्यूपसमध्ये त्यासाठी डीएसडीएनएविरुद्धची प्रतिपिंडे, सी३ व सी४ ही रक्तातील पूरक प्रथिने आणि लघवीतील प्रथिने व तांबड्या पेशी पाहतात. मूत्रपिंडाचा दाह सुरुवातीला काहीच त्रास न देता वाढू शकतो, म्हणून लघवीची तपासणी पहिल्याच भेटीत करणे श्रेयस्कर.