कुकर बिघडला नाही, झाकण उघडलं

"दादा, तुमचा कुकर तापनाच झालाय बघा."

सकाळी शटर वर करायच्या आत पायरीवर कुणीतरी पिशवी घेऊन उभं असतं. पिशवीत आमच्याकडूनच नेलेला स्लो कुकर, म्हणजे मंद धगीवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं असतं. आम्ही तो कुकर लावून बघतो, तर तापतो. मग आमचा ठरलेला प्रश्न, "मधे झाकण किती वेळा काढलं होतं?" त्यावरचं उत्तरही ठरलेलं, "फार नाही ओ, जरा हलवायला, मीठ बघायला, पाहुण्यांना दाखवायला एकदा."

अक्कलकोट, मोहोळहून लोक एस.टी.चं तिकीट काढून येतात आणि कुकर धडधाकट आहे एवढंच ऐकून परत जातात. तुमचा अर्धा दिवस जातो, आमचाही. म्हणून हा कागद छापलाय. कुकरच्या डब्यात घालून देतो, पण डब्यातले कागद कोण वाचतं! हा मात्र वाचा.

घरातली चहाची इलेक्ट्रिक किटली साधारण १५०० वॉटची असते. तीन-साडेतीन लिटरचा स्लो कुकर दोनशे वॉटच्या आसपास चालतो. एवढ्याशा धगीवर मटण शिजतं ते वाफेच्या जोरावर. वाफ वर जाते, काचेच्या झाकणाला लागून तिचं पाणी होतं, ते कडेला उतरतं आणि झाकण आणि भांडं यांच्यामधली फट बंद करतं. झाकण उचललं की ती कडाही सुटते आणि साठलेली ऊबही निघून जाते. गॅसवर असतं तर ज्योत मोठी करून दोन मिनिटांत उकळी आणता आली असती. इथं ज्योत मोठी करायला नाहीच. गेलेली ऊब परत भरायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. आठ तासांत सहा वेळा डोकावलात तर दोन-तीन तास गेले. मग संध्याकाळी हुलगे दाताखाली कडकडणारच.

यावर एका काकूंनी आम्हाला चांगलंच धरलं होतं. म्हणाल्या, "आमची आजी वैलावर हंडी ठेवून दहादा ढवळायची, तिचं कसं शिजायचं?" प्रश्न बरोबर आहे. स्लो कुकर म्हणजे चुलीचा वैल, मोठ्या तोंडाशेजारचं मंद धगीचं तोंडच की. पण आजीच्या हाताशी लाकूड होतं. आमटी मंदावली की ती चुलीत एक ढलपी आत सारायची. तुमच्या वैलाला मागून सारायला काही नाही. म्हणून ढवळायचं असेल ते सुरुवातीला ढवळा, मीठ आधी थोडं कमी घाला आणि उरलेलं शेवटच्या अर्ध्या तासात बघा. झाकण काचेचं आहे, बाहेरून बघायला आमची हरकत नाही.

झाकण एकदाही न उघडता कच्चं राहिलं, तर कारण दुसरं असतं आणि ते बहुतेक वेळा तुमच्या नळात किंवा बटणात असतं.

नळातलं आधी. पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा बरेच जण स्वयंपाकालाही बोरचं वापरतात. बोरच्या जड पाण्यात क्षार असतात, त्यातलं कॅल्शियम कडधान्याचा दाणा घट्ट करून टाकतं. हरभरा, हुलगा, तूरडाळ यांना निदान भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. चिंच, टोमॅटो, आमसूल यांचाही तोच घोटाळा. आंबट पडलं की दाणा मऊ होता होत नाही. आमटी आंबट करायची असेल तर दाणा बोटानं दबल्यावरच करा.

बटणातलं म्हणजे व्होल्टेज. घरात २३० च्या जागी १९० व्होल्ट येत असतील तर दोनशे वॉटचा कुकर एकशे पस्तीसच्या आसपासच चालतो, कारण व्होल्टेज थोडं घटलं तरी वॉट त्याहून जास्त घटतात. उन्हाळ्यात संध्याकाळी ज्यांच्या गल्लीत पंखे मरगळतात त्यांनी सरळ हाय वर लावावं. यासाठी कुणी स्टॅबिलायझर मागितला तर आम्ही देत नाही, गरज नसते.

हाय वर अन्न शेवटी जास्त तापतं असा एक गैरसमज आहे. दोन्हीवर शेवटी गाठायचं तापमान जवळपास एकच, उकळीच्या थोडं अलीकडचं. हाय तिथं लवकर पोहोचतो, लो निवांत. मटण लो वर सात-आठ तास, हाय वर साधारण चार.

मटणाचं सांगतो, कारण हा कुकर आपल्याकडं मुख्यत्वे त्यासाठीच जातो. कांदा, खोबरं, काळं तिखट हे सगळं आधी गॅसवर तेलात भाजून घ्या. स्लो कुकर भाजत नाही, त्याच्याकडून तांबूस रंगाची अपेक्षा ठेवू नका. मटण फ्रीझरमधलं असेल तर पूर्ण सुटलेलं घ्या. बटाटा घालणार असाल तर तळाला, मटण वर. बटाटा मटणापेक्षा उशिरा शिजतो हे ऐकून सगळे हसतात, पण इथं तसंच होतं. पाणी एक वाटी बास. वाफ बाहेर जात नाही आणि मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे नेहमीच्या अंदाजानं घातलंत तर भाकरी बुडवायला रस्सा नाही, पातळ पाणी मिळेल. भांडं अर्ध्यापेक्षा कमी नको, पाऊण भागाच्या वर नको. शेंगदाण्याचं कूट, दही, दूध असलं काही शेवटच्या अर्ध्या तासात.

साधं वरण यात लावू नका. ते प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत होतं. प्रेशर कुकरही आमच्याकडंच मिळतो, तेव्हा हे नुकसान सोसून सांगतोय असं समजायचं कारण नाही.

राजम्याबद्दल मात्र थट्टा नाही. अमेरिकेत इर्व्हिंग नॅक्सन या माणसाला १९४० साली या यंत्राचं पेटंट मिळालं, आणि त्याचं भांडं राजम्यासारखी कडधान्यं शिजवण्यासाठीच म्हणून विकलं जायचं. १९७१ पासून ते क्रॉक-पॉट नावानं घराघरांत गेलं. तरीही कच्चा राजमा यात थेट टाकायचा नाही. त्यात एक विषारी घटक असतो, तो मंद आचेवर मरत नाही. पोटात गेला तर काही तासांत उलट्या, जुलाब. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर निदान १० मिनिटं खळखळ उकळा (आम्ही घरी अर्धा तास उकळतो), मगच कुकरमध्ये.

लाईट गेली तर? तुम्ही घरात असाल तर उरलेलं गॅसवर पूर्ण करा. कामावर असाल आणि किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नसेल तर अन्न टाकून द्या, जीव तुटला तरी. याच कारणासाठी आम्ही डिजिटल बटणांचं मॉडेल मागितल्याशिवाय दाखवत नाही. लाईट आली की गोल नॉबचा कुकर आपोआप पुन्हा सुरू होतो, डिजिटल बहुतेक वेळा बंदच राहतो. दिसायला जुनाट, पण आपल्याकडं नॉबचाच घ्यावा.

वीज किती लागते हेही रोज विचारतात. दोनशे वॉट, आठ तास, म्हणजे १.६ युनिट.

आता आमच्या तपासणीबद्दल. "दहा मिनिटांत बघून सांगा" म्हणतात आणि आम्ही कुकर एक दिवस ठेवून घेतो, याचा काहींना राग येतो. पण या यंत्राचा दोष दहा मिनिटांत दिसतच नाही. आम्ही अर्धं भांडं पाणी घालून, झाकण लावून, आठ तास लो वर ठेवतो आणि झाकण काढल्याबरोबर तापमान घेतो. ८५ अंशांच्या पुढं असेल तर कुकर चांगला. कमी भरलं तर कॉइल किंवा स्विच बघतो, आणि वॉरंटीत असेल तर एक पैसा घेत नाही. चांगला निघाला तर तपासणीचे पन्नास रुपये घेतो. हे पन्नास रुपये वाचवायचे असतील तर हीच परीक्षा घरी करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर आमच्याकडं विकत मिळतो. घ्यायचा नसेल तर अनामत ठेवून दोन दिवस न्या. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२ च्या पुढं जात नाही आणि फुटतो. एक ताई फुटलेला घेऊन आल्या होत्या.

कुकरच्या आतलं मातीचं भांडं तडकलं तर ते वॉरंटीत बसत नाही. फ्रीजमधून काढून लगेच तापलेल्या कुकरमध्ये ठेवलं, किंवा गरम असताना नळाखाली धरलं की तडकतं. सुटं भांडं आणि सुटं झाकण दोन्ही आमच्याकडं ठेवलेलं असतं, पण मॉडेल नंबर पाहिजे. तो कुकरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतो, मोबाईलवर फोटो काढून आणा.

आणि दुरुस्तीला येताना भांडं आणि झाकण दोन्ही बरोबर आणा. नुसता खालचा भाग आणला तर पाणी कशात घालून तपासायचं? मंगळवारी दुकान बंद असतं.