हिल्सबरो: दुसऱ्यांदा झालेली मृत्यूचौकशी आणि वकिलाचे पैसे

१५ एप्रिल १९८९. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कप या फुटबॉल स्पर्धेतला उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूचं गेट पोलिसांनी उघडलं आणि आधीच खच्चून भरलेल्या पिंजऱ्यांत (उभ्या प्रेक्षकांसाठीच्या, कुंपण घातलेल्या जागांत) आणखी माणसांचा लोंढा घुसला. चेंगराचेंगरीत ९६ जण गेले. त्या दिवशी जखमी झालेला आणखी एक जण २०२१ साली गेला आणि हा आकडा ९७ झाला.

१९८९च्याच ऑगस्टमध्ये सरकारने नेमलेल्या चौकशीचे प्रमुख न्यायमूर्ती टेलर यांनी आपल्या अंतरिम अहवालात मुख्य ठपका पोलिसांच्या ढिसाळ नियंत्रणावर ठेवला. कॉरोनरसमोरची मृत्यूचौकशी मात्र वेगळ्याच वाटेने गेली. (मुंबईतही १९९९पर्यंत कॉरोनर होते, संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणं हे त्यांचं काम.) दुपारी सव्वातीननंतरचा पुरावा घ्यायचाच नाही, असं तिथल्या कॉरोनरने ठरवलं. तोवर सगळे वाचण्यापलीकडे गेले होते, हे त्यांचं गृहीतक. मार्च १९९१मध्ये ज्युरीने निकाल दिला: अपघाती मृत्यू. पोलिसांच्या वकिलांचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, तर ४३ कुटुंबांनी पदरचे पैसे घालून सगळ्यांत मिळून एकच बॅरिस्टर उभा केला. एवढ्या घरांचे प्रश्न एका माणसाने किती विचारायचे?

अ‍ॅन विल्यम्स यांचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी गेला. चारच्या सुमारास तो ‘मम’ म्हणाला, असं त्याच्याजवळ असलेल्या महिला कॉन्स्टेबलने सांगितलं होतं. सव्वातीनला सगळं संपलं होतं, हे ती आई कसं मान्य करणार? नव्या चौकशीसाठी हायकोर्टात जायला अ‍ॅटर्नी जनरलची संमती लागते आणि विल्यम्स यांचे अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळले गेले.

सप्टेंबर २०१२मध्ये बिशप जेम्स जोन्स यांच्या स्वतंत्र पॅनेलने कागदपत्रं उघड केली. पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते आणि ४१ जण कदाचित वाचू शकले असते. मग अ‍ॅटर्नी जनरल स्वतःच हायकोर्टात गेले आणि १९ डिसेंबरला जुने निकाल रद्द झाले. कर्करोगाने खंगलेल्या विल्यम्स व्हीलचेअरवरून त्या दिवशी कोर्टात आल्या होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

नव्या चौकशीसाठी वॉरिंग्टनच्या बर्चवुड पार्कमधल्या ऑफिसच्या इमारतीत खास कोर्टरूम उभारली गेली आणि सर जॉन गोल्डरिंग कॉरोनर झाले. या वेळी कुटुंबांच्या वकिलांचा खर्चही गृहखात्याने उचलला. तो ६ कोटी पौंडांवर गेला. रक्कम डोळे विस्फारायला लावणारी आहे खरी, पण पोलिसांच्या साक्षीदारांची खरीखुरी उलटतपासणी त्यामुळेच होऊ शकली. ३१ मार्च २०१४ला सुरू झालेलं काम दोन वर्षांहून अधिक चाललं. २६ एप्रिल २०१६ला ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं: हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे आहेत. प्रेक्षकांचा यात काहीही दोष नाही, हे मात्र एकमताने सांगितलं.

ही सोय हिल्सबरोपुरती होती. एरवी अशा चौकशीत नातेवाइकांना सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही. २०१७च्या अहवालात जोन्स यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. सरकारी यंत्रणा समोर असेल तिथे मृतांच्या कुटुंबांनाही सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद असलेलं विधेयक, ज्याला तिथे ‘हिल्सबरो लॉ’ म्हणतात, ते सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं.