हेजरो

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतांच्या, कुरणांच्या आणि रस्त्यांच्या कडेने वाढवलेली जिवंत झुडपांची कुंपणे. आपल्याकडची तोडलेल्या काट्यांची कुपाटी दरवर्षी नव्याने घालावी लागते. हेजरो मात्र मुळे धरून पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिच्यात मुख्यतः हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, फील्ड मेपल आणि रानगुलाब ही झुडपे असतात. मधूनमधून ओक किंवा ॲशचा मोठा वृक्ष राखलेला असतो.

कॉर्नवॉलच्या वेस्ट पेनविथ भागात शेतांचे दगडमातीचे काही बांध प्रागैतिहासिक काळातले असून आजही वापरात आहेत. त्याउलट, मध्य इंग्लंडमधल्या सरळ रेषेत आखलेल्या कुपाट्या बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने सामाईक गावजमिनी कुंपणे घालून खाजगी करणारे ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा आला. गायरानावर एखादी गाय चारणाऱ्या, तिथूनच सरपण आणणाऱ्या गरिबांचे हक्क यात गेले. आज या कुपाट्यांची शोभा पाहताना ही हकिगत विसरता येत नाही.

कुपाटीच्या वयाचा अंदाज बांधण्यासाठी मॅक्स हूपर या ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञांनी एक सोपा आडाखा सांगितला: तीस यार्डांत झाडाझुडपांच्या जितक्या जाती, साधारण तितकी शतके. काही कुपाट्या मुळातच मिश्र लावलेल्या असल्याने जुन्या नोंदी आणि नकाशेही पाहावे लागतात.

ऋतू पाहावा तर इथेच. वसंताच्या सुरुवातीला पाने फुटण्याआधीच ब्लॅकथॉर्न पांढराशुभ्र फुलतो. त्या सुमारास थंडी परतली की तिला ‘ब्लॅकथॉर्न विंटर’ म्हणतात. हॉथॉर्नला आधी पाने, मग फुले. त्याच्या मोहराला लोक नुसते ‘मे’ म्हणतात, पण १७५२ मध्ये पंचांग बदलून अकरा दिवस गाळले गेले, तेव्हापासून एक मेच्या सणाला तो क्वचितच पुरता फुललेला असतो. ही फुले घरात आणणे अशुभ मानतात. जूनमध्ये रानगुलाब आणि एल्डर फुलतात. एल्डरच्या फुलांचे सरबत करतात. उन्हाळा सरता सरता ब्लॅकबेरी पिकतात आणि करवंदांच्या दिवसांत आपली पोरे जाळ्या धुंडाळतात तशी तिथली माणसे डबे घेऊन निघतात. दुसऱ्या महायुद्धात फळांची टंचाई असताना रानगुलाबाची लाल फळे गोळा करून ‘क’ जीवनसत्त्वासाठी त्यांचा पाक केला जाई. हिवाळ्यात स्कँडिनेव्हियातून आलेले फील्डफेअर आणि रेडविंग हे पक्षी हॉथॉर्नच्या फळांवर गुजराण करतात.

नुसती वाढू दिली तर कुपाटी उंच जाते, बुडाशी विरळ होते आणि मेंढरे आरपार जातात. म्हणून हिवाळ्यात तिचे खोड बुडाशी कोयत्याने जवळजवळ तोडतात, फक्त सालीची आणि लाकडाची पातळ पट्टी शाबूत ठेवतात, आणि ते तिरके लोळवून खुंट्यांत गुंफतात. त्या पट्टीतून रस चढत राहतो. वसंतात बुडातून नवे धुमारे फुटून भिंत दाट होते. प्रत्येक परगण्याची याची रीत वेगळी. डेव्हनमध्ये बांधावर अगदी आडवी, तर मिडलँड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, बैल रेटला तरी टिकेल अशी भक्कम.

दुसऱ्या महायुद्धानंतर धान्योत्पादन वाढवण्यासाठी आणि मोठ्या यंत्रांना वाव मिळावा म्हणून निम्म्याच्या आसपास कुपाट्या उपटल्या गेल्या. १९९७ च्या नियमांनी शेतजमिनीलगतची कुपाटी काढण्याआधी स्थानिक प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक झाले. २०२४ पासून, पक्ष्यांच्या विणीसाठी, १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात ती छाटण्यावर, काही अपवाद वगळता, बंदी आहे.