न्हावा शेवा बंदरात प्रत्येक कंटेनर उघडतात? छे!

"पोर्टवर प्रत्येक कंटेनर उघडून बघतात, मग ड्रग्ज येतातच कसे, सगळे मिळालेले असणार" हे मुंबईत कुणीही छातीठोकपणे सांगतं. अहो, सगळे कंटेनर उघडायचे म्हटलं तर उरणपर्यंत ट्रेलरची रांग लागेल. कस्टम्स कागदपत्रं, माल कुठून आला, इंपोर्टर कोण हे बघून संशयित कंटेनर निवडतं, त्यातले काही स्कॅनरखाली जातात आणि अगदी थोडे प्रत्यक्ष उघडले जातात. आणि स्कॅनर म्हणजे काही जादू नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी इथेच ज्येष्ठमधाचा कंटेनर धरला, २० टनांहून जास्त माल, आणि हेरॉइन काड्यांवरच चढवलेलं! पुडीच नाही तर स्कॅनरला वेगळं दिसणार काय? पुढच्याच महिन्यात डीआरआयने (तस्करी पकडणारी केंद्राची महसूल गुप्तचर यंत्रणा) दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या खोक्यांतून ५० किलो कोकेन काढलं, साधारण किलोकिलोच्या विटा, वर सफरचंदं. असा माल बहुतेक वेळा खबरीवरच सापडतो.

कुणी मिळालेलं नसतंच असं मी म्हणत नाही हां, पण त्यासाठी सगळेच मिळालेले असायची गरज नाही. आणि रात्री होडीतून पेट्या उतरवणं वगैरे जुनं चित्र डोक्यातून काढा, हा माल रीतसर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद, भरून येतो.