चार सिलिंडर ‘बंद’ होतात, तेव्हा गाडी बिघडलेली नसते

आठ सिलिंडरच्या गाडीत डॅशबोर्डवर ‘इको’ किंवा ‘व्ही-४’ उमटलं की ग्राहक विचारतात, “चार सिलिंडर गेले की काय?” गेलेले नाहीत, कॉम्प्युटरने मुद्दाम थांबवलेत.

साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला सपाट रस्त्यावर एका वेगात पळायला त्यातला छोटासा हिस्सा पुरतो. बाकीची ताकद आवरायची, तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ मिटावा लागतो. मग आठही पिस्टन त्या बारीक फटीतून हवा ओढत बसतात आणि त्या ओढाताणीत पेट्रोल जळतं. चारांनाच कामाला लावलं की प्रत्येकावर भार वाढतो, थ्रॉटल जास्त उघडतो आणि ओढाताण घटते. बचत होते ती इथे. ‘निम्मे सिलिंडर, निम्मं पेट्रोल’ हा हिशेब चुकीचा. गाडी ढकलायला ताकद तेवढीच लागते.

थांबलेल्या सिलिंडरचे पिस्टन हलतातच, पण त्यांत हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. सुई नसलेली सिरिंज घ्या. तोंडावर बोट अर्धवट ठेवून दांडा ओढा: जोर लागतो आणि वाया जातो. आता तोंड पूर्ण बंद करून दांडा दाबा आणि सोडा. तो आपणहून मागे येतो. आत कोंडलेली हवा अशीच स्प्रिंगसारखी वागते, घातलेला जोर बराचसा परत देते. म्हणूनच नुसता इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) काढून ठेवण्याच्या जुगाडाने काही साधत नाही, व्हॉल्व्हची उघडझाप चालूच राहते.

कल्पना जुनी आहे. कॅडिलॅकने १९८१ मध्ये गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारं इंजिन आणलं, पण तेव्हाचं इलेक्ट्रॉनिक्स त्याला पुरं पडलं नाही. २०१९ च्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपच्या काही इंजिनांत मात्र सिलिंडर चालू-बंद करण्याच्या १७ तऱ्हा आहेत.

शहरातल्या थांबत-थांबत गाडी चालवण्यात फरक फारसा जाणवणार नाही. हायवेवर पाय स्थिर ठेवलात तर ॲव्हरेज वाढेल.

आता आमचा आग्रह. बऱ्याच व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांत लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा भाग, असतो; व्हॉल्व्ह थांबवणारी त्याची पिन ऑइलच्या प्रेशरवर सरकते. ऑइल कमी पडलं, जुनं झालं किंवा भलत्याच ग्रेडचं भरलं, तर पिन अडकू शकते. मॅन्युअलमधलाच ग्रेड भरा, ऑइल वेळेत बदला. इंजिन तापल्यावरही टिक-टिक थांबत नसेल, तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणू नका, लगेच घेऊन या. लिफ्टरने कॅमशाफ्ट (लिफ्टरला हलवणारा फिरता दांडा) घासायला सुरुवात केली की खर्च कितीतरी पटीने वाढतो.