घरी त लय बोलते, जी!

यवतमाळच्या एसटीत बसल्यापासून माय नऊ वर्षांच्या पोराला पढवत असते, "डाक्टरले सारं सांगजो बरं!" पोरगं खिडकीतून पऱ्हाटी पाहतं. समुपदेशकासमोर बसलं की तोंडाला कुलूप. माय ओशाळते, "घरी त लय बोलते, जी!"

याला आपण हट्ट म्हणतो. पण अनोळखी खोलीत मोठं माणूस रोखून पाहत एकामागून एक प्रश्न विचारू लागलं, की लेकराच्या मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची वर्दी देतो. छाती धडधडते. नेमक्या त्याच वेळी कपाळामागचा, विचार जुळवणारा भाग मंदावतो; मुलांमध्ये तो मुळातच पुरता पिकलेला नसतो.

म्हणून जाणकार समुपदेशक आधी खेळतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट (१८९६–१९७१) कागदावर वेडीवाकडी रेघ ओढत. मूल तिचं काहीतरी बनवी. मग मुलाची रेघ, विनिकॉटांचं चित्र. दोघंही खेळात, मग परीक्षा कोणाची? आपल्याकडे तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरोघरी असतो. तो सोबत न्यावा. "तू का जेवत नाहीस?" याला उत्तर मिळत नाही, "हा बैल आज चारा का खात नसेल?" याला मिळू शकतं.

खरी अडचण मात्र वेगळीच. 'घरातलं बाहेर सांगू नये' हे आपणच शिकवलेलं असतं. बापाचं कर्ज, रात्रीची भांडणं हे सारं पोरगं राखत बसतं. तेव्हा मायनंच आधी म्हणावं, "घरचं सांगितलं तरी मी रागावणार नाही." समुपदेशकानंही पहिल्याच भेटीत हद्द सांगावी: बोललेलं इथंच राहील, पण जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावं लागेल. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारकच आहे.

घरी बडबड, पण शाळेत महिना उलटूनही एक शब्द नाही, असं असेल तर ती निवडक मूकता असू शकते. तिचे उपचार वेगळे, ते लवकर सुरू झालेले बरे. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

परतीच्या गाडीत "काय सांगतलं रे?" हे तेवढं विचारू नका. सांबारवडी घ्या, खिडकीची जागा त्यालाच द्या.