उधाणाच्या वाटेवरची अंडी

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर बीडनेलचा उपसागर आहे. 'लाँग नॅनी' नावाचा एक ओढा तिथे समुद्राला मिळतो आणि त्याच्या मुखाशी वाळूची पुळण साचलेली आहे. मे महिना लागला की या पुळणीजवळ तंबू पडतात, ते ऑगस्टपर्यंत हलत नाहीत. त्यात राहतात नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे हंगामी रेंजर. पाळ्या लावून ते चोवीस तास राखण करतात. राखण कसली, तर सुरय (इंग्रजीत टर्न) या समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांची.

इथे मुख्यतः दोन जातींचे सुरय वीण घालतात. आर्क्टिक सुरयाचं वजन जेमतेम शंभर ग्रॅम, छोट्या सुरयाचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. घरटं म्हणाल तर वाळूत छातीने केलेला एक उथळ खळगा. इतकी उघडी जागा निवडण्यामागे हिशेब आहे. सपाट वाळूवर शत्रू लांबूनच दिसतो आणि पिल्लांना भरवायची मासळी समोरच्या पाण्यात मिळते. अंडी तर वाळूच्याच रंगाची, वर ठिपके. कोल्ह्याला पटकन दिसू नयेत म्हणून झालेली ही सोय फिरायला आलेल्या माणसाच्या बाबतीत उलटते, कारण त्यालाही ती दिसत नाहीत आणि नेमका त्यांच्यावरच पाय पडतो. पाय नाही पडला तरी मोकळ्या कुत्र्यामुळे पक्षी उठून गेले, की तेवढ्या वेळात अंडी गार पडतात. म्हणून हंगामाचं पहिलं काम म्हणजे पक्षी बसण्याआधी दोऱ्या बांधून जागा आखणं आणि पाट्या लावणं. त्यानंतर विजेचं कुंपण.

कुंपणाने कोल्हा बाहेर राहतो, आकाशातून येणारा कसा राहील? केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा एकदा का या वसाहतीला चटावला, की तासातासाला पिल्लू उचलतो. त्याला मारायचं नाही, कारण तोही संरक्षित. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर यावर एक तोड वापरून पाहिली गेली: ससाण्याच्या घरट्याजवळ मेलेले उंदीर आणि कोंबडीची पिल्लं ठेवायची. आयतं मिळालं की तो किनाऱ्याकडे कमी फिरकतो. शिकाऱ्याला खानावळ लावून देण्याचा हा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो, पण लाभलेला आहे.

खरी कसोटी मात्र समुद्राची. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे असला, की पाणी नेहमीची रेषा ओलांडून घरट्यांपर्यंत येतं. मग अंडी उचलून मागे का नेत नाहीत? कोकणातल्या वेळासला कासवांच्या बाबतीत नेमकं तेच करतात. ऑलिव्ह रिडलेची अंडी काढून वरच्या बाजूला कुंपणातल्या हॅचरीत पुरतात आणि पिल्लं सुखरूप निघतात. पण कासवी अंडी घालून निघून जाते, त्यांना ऊब देते ती वाळू. सुरयाची अंडी आई-बापाच्या पोटाखाली तीन आठवडे उबवावी लागतात, आणि पक्षी परत येतो तो मुख्यतः जागेच्या खुणेवर. अंडी दहा पावलं पलीकडे नेली, तर तो रिकाम्या खळग्यावर येऊन बसेल.

म्हणून बाजूला न नेता वर न्यायचं. भरतीचं वेळापत्रक पाहून रेंजर आधीच कामाला लागतात. मासळीच्या क्रेटमध्ये वाळू भरायची, त्यावर तसाच खळगा करायचा, शंख-शिंपल्यांचे तुकडे होते तसे पेरायचे आणि अंडी त्यात ठेवून लांब जायचं. दुर्बिणीतून पाहायचं. पक्षी वर घिरट्या घालतो, उतरतो, दोन पावलं चालतो, पुन्हा उडतो, आणि अखेर बसतो. बसला की उंचीचा पुढचा टप्पा. घाई केली तर पक्षी घरटं सोडतो, उशीर केला तर अंडी वाहून जातात. मला विचाराल तर या नोकरीतलं सगळं कसब या एका कामात आहे. आर्क्टिक सुरय तेवढ्यात डोक्यावर चोचीने रक्त काढतात ते वेगळंच. टोपीशिवाय तिथे कोणी जात नाही.

याच पक्ष्यांचे भाऊबंद जवळच्या फार्न बेटांवर आहेत. २०१५ मध्ये तिथल्या काही सुरयांच्या पायाला ०.७ ग्रॅमचं नोंदयंत्र बांधलं होतं. त्यातला एक अंटार्क्टिकापर्यंत जाऊन पुढच्या वसंतात परतला, तेव्हा त्याचा प्रवास सुमारे ९६,००० किलोमीटर भरला. असा पक्षी वर्षाकाठी एकदा, काही आठवडेच जमिनीला धरून असतो आणि नेमके तेच आठवडे धोक्याचे असतात.

एका गोष्टीपुढे मात्र कुंपण, क्रेट आणि पहारा यांचं काही चालत नाही. २०२२ मध्ये बर्ड फ्लू फार्न बेटांवर पोचला. पिल्लं मोजायच्या दिवसांत रेंजर अंगभर संरक्षक पोशाख चढवून मेलेले पक्षी गोळा करत होते. त्या हंगामात सहा हजारांहून जास्त मृत पक्षी निघाले. पर्यटकांना बेटांवर उतरायला बंदी झाली आणि इनर फार्न बेट पुन्हा खुलं व्हायला २०२४ उजाडलं. नुकसान किती झालं हे ठरवायला आधीच्या वर्षांचे आकडे लागतात. ते रेंजरांच्या वह्यांत होते: कोणत्या जातीची किती घरटी, किती अंडी, किती पिल्लं उडाली. ऊन-पावसात काठी रोवत, रांगेत चालत केलेली ही मोजणी कंटाळवाणी वाटते खरी, पण साथीनंतर कोणती वसाहत सावरते आहे आणि कोणती नाही, हे त्याच वह्यांवरून ताडून पाहावं लागतं.